माइक कुठे धरायचा? चित्रपट शिकणाऱ्यांसाठी ध्वनिमुद्रणाची पहिली ओळख

खोलीत पंखा फिरत असतो, कोपऱ्यात फ्रिज गुरगुरत असतो, खिडकीबाहेर रस्ता वाहत असतो. तरी समोरचा माणूस काय बोलतो ते आपल्याला स्वच्छ ऐकू येतं, कारण दोन कान आणि मेंदू मिळून नको तो आवाज बाजूला सारतात. माइकला ही निवड जमत नाही. त्याच्या आतल्या पातळ पडद्यावर हवेचा जो दाब येईल तो तो विजेत उतरवतो. त्यातला संवाद कुठला आणि पंखा कुठला, हे त्याला कळत नाही. म्हणूनच शूटिंगच्या वेळी सगळ्यांना आवाज ठीक वाटतो आणि एडिटिंगला बसल्यावर माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते.

ध्वनिमुद्रण शिकताना शब्दांचा मोठा ढीग समोर येतो: कार्डिऑइड, फँटम पॉवर, गेन, फेज, सॅम्पल रेट. ते पाठ करण्यापेक्षा एक प्रश्न हाताशी ठेवावा. हवा तो आवाज आणि नको तो आवाज यांचं प्रमाण किती? जवळजवळ प्रत्येक शब्द या प्रश्नाच्या कुठल्या ना कुठल्या भागाचं उत्तर देतो. आणि हे प्रमाण माइकच्या किमतीपेक्षा त्याच्या जागेवर कितीतरी जास्त ठरतं. हे मी सुरुवातीलाच सांगतो आहे, कारण विद्यार्थी पहिला प्रश्न बहुधा 'कोणता माइक घेऊ?' असा विचारतात. त्याआधी 'माइक कुठे धरू?' हे विचारायला हवं.

अंतर

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये सांगतात. हे किलो किंवा मीटरसारखं सरळ माप नाही. डेसिबल दोन पातळ्यांमधलं गुणोत्तर सांगतं. माइकमधून येणारा विद्युतदाब दुप्पट झाला तर पातळी ६ डेसिबलने वाढते, दहापट झाला तर २० डेसिबलने. एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच काम भागतं.

मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट केलं की पातळी ६ डेसिबलने उतरते. समजा, नटाच्या तोंडापासून कॅमेरा २.४ मीटरवर आहे आणि माइक कॅमेऱ्यावरच बसवलेला आहे. तोच माइक बूमवर, म्हणजे लांब काठीच्या टोकाला, लावून ६० सेंटिमीटरवर आणला, तर अंतर दोनदा निम्मं झालं. म्हणजे संवाद १२ डेसिबलने वर आला. पंख्याचा आवाज मात्र खोलीत सगळीकडे साधारण सारखाच भरलेला असतो, त्यामुळे तो होता तिथेच राहिला. संवाद आणि पंखा यांच्यातली दरी १२ डेसिबलने रुंदावली. एवढा फरक महागडा रेकॉर्डर घेऊन मिळत नाही. गेन, म्हणजे माइकच्या संकेताला मोठं करण्याचं प्रमाण, वाढवूनही मिळत नाही, कारण गेन वाढवला की संवाद आणि पंखा दोन्ही सोबतच वर येतात.

हवा त्या संकेताचं नको त्या गोंगाटाशी असलेलं हे प्रमाण म्हणजेच सिग्नल-टू-नॉइज रेशो. माइकच्या माहितीपत्रकातला हा आकडा माइकच्या स्वतःच्या विजेरी सुसकाऱ्याबद्दल असतो. लोकेशनवर खरा त्रास देतो तो जागेचा गोंगाट.

बंद खोलीत अंतराचा आणखी एक परिणाम होतो. नटाच्या तोंडातून निघालेला आवाज माइकपर्यंत थेट पोहोचतो, तसाच तो भिंती, छत आणि फरशीवर आपटूनही पोहोचतो. माइक जवळ असला की थेट आवाज वरचढ ठरतो. माइक लांब गेला की एका ठरावीक अंतरापलीकडे आपटून आलेले आवाज थेट आवाजावर मात करतात, आणि माणूस रिकाम्या हॉलमध्ये बोलतोय असं वाटू लागतं. फरशीच्या, सामान नसलेल्या लहान खोलीत हे अंतर मीटरभराच्या आतच येऊ शकतं. पंख्याची एकसारखी घरघर संगणकावर बरीच कमी करता येते. घुमलेला आवाज मात्र संवादालाच चिकटलेला असतो. तो सोडवायला गेलं की संवादाचाही लचका तुटतो. त्यामुळे लोकेशन बघायला जाल तेव्हा खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि तिचं शेपूट किती लांबतं ते ऐका. शूटिंगच्या दिवशी जाड गोधड्या, सतरंज्या आणि पडदे कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जिथे जमेल तिथे टांगा आणि अंथरा. खर्च फारसा येत नाही आणि फरक लगेच ऐकू येतो.

दिशा

माइक कुठल्या बाजूचा आवाज किती घेतो याच्या आकृतीला पोलर पॅटर्न म्हणतात. ओम्नी माइक सगळ्या बाजूंनी सारखाच ऐकतो. कार्डिऑइड समोरचं पूर्ण ऐकतो, दोन्ही कुशींचं सुमारे ६ डेसिबलने कमी आणि पाठीमागचं सर्वांत कमी. सुपरकार्डिऑइड आणि हायपरकार्डिऑइड कुशींचं आणखी कमी घेतात, पण त्या बदल्यात थेट मागचं थोडं घेतात. त्यांचे सर्वांत बहिरे कोपरे मागे नसून तिरक्या बाजूंना असतात: सुपरकार्डिऑइडमध्ये समोरच्या रेषेपासून सुमारे १२६ अंशांवर, हायपरकार्डिऑइडमध्ये सुमारे ११० अंशांवर. फिगर-एट पुढचं आणि मागचं सारखं घेतो आणि दोन्ही कुशींना बहिरा असतो.

या आकृत्या बघताना सगळे पुढच्या भागाकडे बघतात. मी बहिऱ्या कोपऱ्याकडे बघायला सांगेन. माइक नटाकडे तर सगळेच वळवतात. जनरेटर, एसी किंवा रस्ता माइकच्या बहिऱ्या कोपऱ्यात येईल असा कोन साधणारा माणूस त्याच माइकमधून जास्त स्वच्छ आवाज आणतो.

आता शॉटगन. चित्रपटाच्या सेटवर सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत जास्त गैरसमज वाट्याला आलेला हा माइक. त्याची लांब नळी पाहून वाटतं की तो कॅमेऱ्याच्या झूमसारखा दूरचा आवाज जवळ ओढत असेल. तो काहीही ओढत नाही. नळीच्या अंगावर चिरा असतात. समोरून आलेला आवाज नळीच्या तोंडातून सरळ आत जातो. बाजूने आलेला आवाज मात्र वेगवेगळ्या चिरांमधून आत शिरतो. त्या प्रत्येक वाटेची लांबी वेगळी, त्यामुळे आत तो किंचित मागेपुढे पोहोचतो आणि स्वतःलाच बराचसा खोडून टाकतो. म्हणजे शॉटगन समोरचं वाढवत नाही, बाजूचं कमी करतो. दूर ठेवलात तर संवाद तितकाच बारीक येणार.

या नळीची मर्यादाही तिच्या लांबीतच आहे. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) आवाजाची तरंगलांबी साधारण ३.४ मीटर होते, तर १०,००० हर्ट्झच्या आवाजाची साधारण ३.४ सेंटिमीटर. वीस-पंचवीस सेंटिमीटरची नळी सेंटिमीटरांतल्या लाटांना अडवू शकते. मीटरांतल्या लाटांना ती जाणवतसुद्धा नाही. म्हणून ट्रकची घरघर शॉटगनमध्ये बाजूनेही येतेच. लहान खोलीत त्रास आणखी वाढतो. तिथे भिंतींवरून परतलेला संवाद सगळ्या बाजूंनी नळीत शिरतो, त्यातले काही स्वर खोडले जातात, काही उरतात, आणि आवाजाला पोकळ, रंग उडालेली छटा येते. मोकळ्या मैदानात शॉटगन आणि घरात छोटा सुपरकार्डिऑइड किंवा हायपरकार्डिऑइड, असा रिवाज व्यावसायिक साउंड रेकॉर्डिस्ट पाळतात तो याच कारणाने.

दिशा असलेल्या माइकचा आणखी एक गुण माहीत हवा: प्रॉक्सिमिटी इफेक्ट. असा माइक तोंडाच्या अगदी जवळ नेला की खालचे, जाड स्वर फुगतात. निवेदनात ही ऊब कधी मुद्दाम हवी असते. दृश्यात मात्र एका शॉटमध्ये माइक जवळ आणि दुसऱ्यात लांब असला, तर एकाच माणसाचे दोन आवाज झाल्यासारखं वाटतं. दाबावर चालणाऱ्या ओम्नी माइकमध्ये हा परिणाम होत नाही.

बूम आणि लेपल

बूम म्हणजे लांब काठीच्या टोकाला माइक. काम सोपं दिसतं, पण संपूर्ण सेटवर नटाइतकंच एकाग्र राहावं लागतं ते बूम ऑपरेटरला. माइक बहुधा वरून, थोडा पुढून, तोंड किंवा छातीच्या वरच्या भागाकडे रोखून धरतात. वरून धरल्याने माइकचा रोख जमिनीकडे जातो. खालून धरला तर तो आकाशाकडे किंवा छताकडे रोखला जातो आणि विमानं, पंखे, छतावरून परतलेला आवाज असं सगळं आत येतं. कोण कधी बोलणार हे ठाऊक असल्याशिवाय माइक वेळेवर वळवता येत नाही, म्हणून चांगला बूम ऑपरेटर संवाद पाठ करतो. कॅमेऱ्याची चौकट कुठे संपते हे त्याने कॅमेरामनला विचारून घ्यावं आणि लाइट लागत असतानाच बूमची सावली कुठे पडते ते बघावं. नंतर सांगितलं तर कोणी लाइट हलवत नाही.

काठीवरचे हाताचे धक्के माइकपर्यंत जाऊ नयेत म्हणून तो रबरी लवचीक झोळीत टांगतात. तिला शॉक माउंट म्हणतात. वाऱ्यासाठी तीन पायऱ्या आहेत: घरात फोमची टोपी पुरते, बाहेर माइकभोवती हवेची पोकळी ठेवणारा ब्लिंप लागतो आणि जोराच्या वाऱ्यात त्यावर लांब केसांचं आवरण, ज्याला सेटवर डेड कॅट म्हणतात. वारा थेट पडद्यावर आदळला की जो भडभड आवाज होतो तो नंतर काढता येत नाही.

लेपल, म्हणजे लॅव्हेलिअर, कपड्यावर लावायचा छोटा माइक. तो बहुतेकदा ओम्नी असतो, त्यामुळे नटाने मान वळवली तरी पातळी फारशी कोसळत नाही. नेहमीची जागा छातीवर, हनुवटीपासून साधारण १५ ते २० सेंटिमीटर खाली. गळ्याच्या अगदी जवळ लावला तर हनुवटीच्या आडोशामुळे स, श, त यांची धार बोथट होते. लेपलचा मोठा शत्रू कापड. कृत्रिम धाग्याचे आणि कडक खळीचे कपडे जास्त कुरकुरतात. माइकच्या दोन्ही बाजूंचं कापड टेपने स्थिर करायचं आणि तारेला एक सैल वेटोळं द्यायचं, म्हणजे ओढ माइकपर्यंत जात नाही. हे काम नटाच्या अंगाशी होतं. आधी विचारा, काय करणार ते सांगा, आणि शक्य असेल तिथे तार त्यांनाच कपड्यातून घेऊ द्या.

दोन्हींतून निवड करायची असेल आणि चौकट परवानगी देत असेल, तर मी बूमला कौल देतो. बूमच्या आवाजात माणसासोबत त्याच्या भोवतालची हवाही येते आणि शॉट जवळचा की लांबचा ते ऐकूनही कळतं. लेपल सतत छातीशीच असतो, म्हणून लांबच्या शॉटमध्येही माणूस कानाशी बोलतो असं वाटतं. शक्य असेल तर दोन्ही घ्या, पण वेगवेगळ्या ट्रॅकवर. एकाच ट्रॅकवर मिसळून टाकलेलं पुन्हा वेगळं होत नाही.

इथे फेज, म्हणजे दोन लाटांचा एकमेकींशी मेळ, येतो. एकच आवाज दोन माइकमध्ये थोड्या फरकाने पोहोचतो. अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक असेल तर साधारण एक मिलिसेकंद उशीर. हे दोन ट्रॅक सारख्या पातळीवर एकत्र केले तर ५०० हर्ट्झला एकाची लाट वर असताना दुसऱ्याची खाली असते; दोन्ही मिळून ते कंपन जवळजवळ नाहीसं होतं. तसंच १५०० ला, २५०० ला आणि पुढेही. आवाज नळीतून आल्यासारखा पातळ होतो. उपाय दोन: मिक्समध्ये एका वेळी एकच ट्रॅक मुख्य ठेवायचा, किंवा एक ट्रॅक किंचित सरकवून दोन्ही लाटा जुळवायच्या. दोन माणसांसाठी दोन माइक लावले असतील, तर माइक आपल्या माणसापासून जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा. हा तीनास एकचा नियम.

माइकच्या पोटात

डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं. ते चुंबकाच्या क्षेत्रात हललं की वीज निर्माण होते. तो दणकट असतो, त्याला बाहेरून वीज लागत नाही आणि मोठा आवाज तो सहज सोसतो. पण त्याचा संकेत क्षीण असतो, म्हणून तो तोंडाजवळच शोभतो: गायक, वार्ताहर. बूमवर आणि लेपलमध्ये जवळजवळ नेहमी कंडेन्सर असतो. त्यात पडदा आणि त्यामागची पट्टी मिळून एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, होतो. पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्यातून संकेत निघतो. तो बारकावे छान टिपतो, पण त्याला वीज लागते. १९६२ मध्ये बेल लॅब्समध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी विद्युतभार कायम धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा इलेक्ट्रेट माइक तयार केला. आजचे बहुतेक लेपल त्याच घराण्यातले. रिबन माइक, ज्यात पडद्याऐवजी धातूची पातळ पट्टी असते, स्टुडिओत भेटेल. लोकेशनवर तो फार नाजूक ठरतो.

कंडेन्सरला ४८ व्होल्टची वीज आवाजाच्या केबलमधूनच देतात. ती फँटम पॉवर. तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमध्ये पहिली पिन जमिनीची, दुसरी आणि तिसरी आवाजाची. आवाजाचा संकेत या दोन तारांवर एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेला विजेरी गुणगुणाट मात्र दोन्हींवर सारखाच बसतो. रेकॉर्डर दोन्हींतला फरक घेतो, तेव्हा संकेत उरतो आणि गुणगुणाट वजा होतो. ही बॅलन्स्ड जोडणी. ४८ व्होल्टही दोन्ही तारांवर सारखेच असतात, म्हणून चांगल्या केबलवरच्या डायनॅमिक माइकला फँटमने इजा होत नाही. जुन्या रिबन माइकच्या बाबतीत मात्र खात्री केल्याशिवाय ते बटण दाबू नका.

गेन आणि पातळी

माइकचा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो. त्याला कामापुरता मोठा करणं म्हणजे गेन, आणि हे करणारा भाग प्रीॲम्प. ६० डेसिबल गेन म्हणजे विद्युतदाब हजारपट. मिक्सरसारख्या उपकरणातून येणारा संकेत आधीच व्होल्टच्या घरात असतो. तो लाइन लेव्हल. लाइनचा संकेत माइकच्या खोबणीत घातला तर आवाज फाटतो आणि उलट केलं तर सुसकाऱ्याखाली दबलेला आवाज येतो. जोडताना रेकॉर्डरवरची खूण तपासा.

हेडफोनची पातळी आणि रेकॉर्डिंगची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेडफोनचं बटण फिरवून फाइलमध्ये काहीही बदलत नाही. पातळी मीटरवर बघायची, दर्जा कानांनी ऐकायचा, दोन्ही लागतात.

डिजिटल मीटरवर शून्य ही छताची पातळी असते आणि सगळे आकडे तिच्याखाली, उणे. शून्याला टेकलेली लाट माथ्यावर सपाट कापली जाते. यालाच क्लिपिंग म्हणतात. साध्या बोलण्याचे उंच ठोके उणे १८ ते उणे १२ च्या दरम्यान ठेवा, म्हणजे अचानक ओरडण्याला जागा उरते. तालमीत नट हळू बोलतात आणि टेकमध्ये मोठ्याने. गेन लावताना हे गृहीत धरा. गेन आपोआप ठरवण्याची सोय बंद करा, कारण माणूस थांबला की ती भोवतालचा गोंगाट उचलून वर आणते. ८० हर्ट्झच्या आसपासचा लो कट, म्हणजे त्याखालचे स्वर गाळणारी सोय, मात्र बहुधा चालू ठेवावा. माणसाच्या बोलण्याचा पाया साधारण त्याच्या वरच असतो आणि खालची रहदारीची घरघर गाळली जाते.

सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला किती वेळा लाटेचं मोजमाप घेतलं. व्हिडिओसाठी ४८,००० हे प्रमाण आहे. मोजमापांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज त्यात मावतो, आणि आपलं ऐकणं साधारण २०,००० हर्ट्झला संपतं. बिट डेप्थ म्हणजे प्रत्येक मोजमाप किती बारकाईने लिहिलं. एक बिट सुमारे ६ डेसिबल देतो. १६ बिटला ९६, २४ बिटला १४४. म्हणूनच २४ बिटवर मीटर वर चढवण्याची धडपड नको, थोडं खाली रेकॉर्ड केलं तरी काही हरवत नाही. ३२ बिट फ्लोटच्या रेकॉर्डरमध्ये शून्याच्या वर गेलेली लाटही नंतर खाली आणता येते. पण माइकच आतून फाटला असेल, किंवा तो चार मीटरवर असेल, तर त्याचाही इलाज चालत नाही.

कॅमेऱ्याशी जुळवणी

चित्र कॅमेऱ्यात आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, ही डबल सिस्टिम. क्लॅपच्या दोन फळ्या मिळतात ती फ्रेम आणि आवाजातला तो ठोका, दोन्ही एका रेषेत आणायचे. फळ्या कॅमेऱ्याला दिसायला हव्यात आणि माइकजवळ वाजायला हव्यात. २४ फ्रेमच्या वेगात एका फ्रेमच्या वेळात आवाज सुमारे १४ मीटर जातो. लांबून वाजवलेली क्लॅप एवढा फरक पाडू शकते. टाइमकोड, म्हणजे दोन्ही फाइलींवर सारखी उमटणारी वेळेची खूण, असेल तर दोन्ही यंत्रं एकाच घड्याळावर चालतात, तरीही क्लॅप मारा. कॅमेऱ्यातला साधा आवाजही चालू ठेवा, जुळवताना तो उपयोगी पडतो.

प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी रूम टोन घ्या: सगळे जागच्या जागी, कोणी बोलत नाही, तोच माइक, तोच गेन, तीस ते साठ सेकंद. संवादातला खोकला कापल्यावर पडणारं भगदाड याच पट्टीने बुजतं. तिथे निव्वळ शून्य ठेवलं तर कानाला खड्डा जाणवतो. एखाद्या वाक्यावर विमान गेलं असेल तर कॅमेरा बंद असताना नटाकडून ते वाक्य लगेच पुन्हा म्हणवून घ्या. हा वाइल्ड ट्रॅक. भावना आणि जागा तीच असल्याने तो महिन्याभराने स्टुडिओत केलेल्या डबिंगपेक्षा जास्त चपखल बसतो.

हे सगळं साउंड रिपोर्टमध्ये लिहा: सीन, टेक, कुठल्या ट्रॅकवर कोण, कुठे काय बिघडलं, रूम टोन आणि वाइल्ड ट्रॅक कुठल्या फाइलमध्ये आहे. एडिटर तुमच्याशी बोलू शकेलच असं नाही, रिपोर्ट मात्र त्याच्यासमोर असतो. दिवस संपला की कार्ड दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा, काही फाइली उघडून ऐका, आणि त्यानंतरच कार्ड पुसा.